आर-22 वरचं प्री-कूलिंग बदलायचंय : 404 घ्यावा की अमोनिया? सल्ला हवा

निफाडचा_बागायतदार

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. द्राक्षांचं पॅकहाउस आणि त्याला जोडून चार चेंबर, दोन प्री-कूलिंगचे (तोडलेला माल झटपट गार करायचे), दोन साठवणीचे. 2010 साली बसवलेले, प्रत्येकाला वेगळं युनिट, सगळी आर-22 या गॅसवर. मिळून साठेक किलो गॅस बसतो. गेल्या हंगामात त्यात 25 किलो वरून भरावा लागला. फेब्रुवारीत ऐन तोडणीत दोन नंबरचा चेंबर बसला, सिलिंडर मिळवण्यात दीड दिवस गेला आणि कंटेनरचा माल शेजारच्या पॅकहाउसमध्ये हलवावा लागला.

आमचा ठेकेदार म्हणतो, आर-22 बंदच होणार आहे, 404 या दुसऱ्या गॅसची नवी युनिटं टाका, दोन आठवड्यांत काम करून देतो. एक संचालक अमोनियाच्या बाजूने आहेत. पण हंगामात पॅकहाउसमध्ये 80 बायका काम करतात आणि 200 मीटरवर जिल्हा परिषदेची शाळा आहे, म्हणून मी बिचकतोय. अवकाळी आणि गारपिटीने बागा झोडपलेल्या आम्ही पाहिल्यात. हवा बिघडवायला आमच्याच मशिनी हातभार लावत असतील, तर ते थांबवावं असं मनापासून वाटतं. काय करावं?

शीतयंत्र_पुणे

दादा, आधी एकच सांगते : 404 घेऊ नका.

कोणता गॅस हवा किती तापवतो, हे कार्बन डायऑक्साइडच्या पटीत मोजतात. आर-22 सुमारे 1,810 पट, 404 ए सुमारे 3,920 पट. म्हणजे आर-22 ने झिजणारा ओझोनचा थर वाचेल, पण तापमानवाढीच्या बाबतीत तुम्ही दुप्पट वाईट गॅसवर जाल. तुमची 25 किलोची गळती आज 45 टन कार्बन डायऑक्साइडइतकी आहे. साधारण 64 हजार युनिट वीज बनवताना निघतो तेवढा. तीच गळती 404 ची असेल तर 98 टन.

दुसरं कारण व्यवहाराचं. ठेकेदाराचं आर-22 बद्दलचं म्हणणं खरं आहे. ओझोन वाचवण्याच्या मॉन्ट्रियल कराराप्रमाणे 2025 पासून आपल्यासारख्या देशांचा या गटातल्या गॅसचा कोटा मूळ पातळीपेक्षा 67.5 टक्क्यांनी खाली आला, 2030 नंतर फक्त जुन्या मशिनींच्या दुरुस्तीपुरता थोडासा उरेल. पण 404 सुद्धा यादीत आहेच. त्याच करारातली, 404 सारख्या गॅसवरची किगाली दुरुस्ती 2016 ची, भारताने ती 2021 मध्ये मान्य केली. आपल्याकडे 2028 ला वापर गोठणार, 2032 पासून कपात, 2047 पर्यंत 85 टक्के. युरोपने तर 2,500 पटींच्या वरचे गॅस नव्या स्थिर शीतयंत्रांत 2020 पासूनच बंद केले, अगदी मोजके अपवाद सोडून. आज घेतलेली मशीन पंधरा-वीस वर्षं चालवायची असते. म्हातारपणी तिला गॅस मिळेल का, हा प्रश्न आजच विचारा.

मग काय घ्यावं? नव्या कामासाठी माझं मत : अमोनिया, पण चेंबरमध्ये नाही. अमोनियाचा चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, बाहेर वेगळ्या खोलीत, आणि आतल्या कॉइलमधून फिरणार ग्लायकॉल घातलेलं, सहज न गोठणारं पाणी. खाद्यपदार्थांना चालणारं प्रोपिलीन ग्लायकॉल साधारण 35 टक्के घातलं की उणे 15 पर्यंत गोठत नाही. तुम्हाला द्राक्षं 0 ते 1 अंशावर ठेवायची, म्हणून उणे 6-7 चं पाणी पुरतं. प्लेट हीट एक्स्चेंजरवाल्या चिलरला अमोनिया खूपच कमी लागतो. जुन्या पद्धतीच्या प्लांटमध्ये जी टनांची गोष्ट असते, ती इथे किलोंवर येते. पंपाची वीज थोडी वाढते, हे मान्य. पण अमोनियाची स्वतःची तापवण्याची पट शून्य, आणि तो भारतात पिढ्यान्पिढ्या चालत आलाय.

कार्बन डायऑक्साइडच थंड करणारा गॅस म्हणून वापरणाऱ्या प्लांटबद्दल कोणी सांगेलच. गॅस सुंदर आहे, पण 31 अंशांच्या वर तो नेहमीसारखा द्रवच होत नाही, दाब 90-100 बारच्या घरात जातो. निफाडची जानेवारीची पहाट महाराष्ट्रात बऱ्याचदा सगळ्यात गार असली, तरी तुमचा खरा लोड मार्च-एप्रिलच्या दुपारचा. जवळपास दुरुस्तीवाला नसेल तर नको. प्रोपेन लहान युनिटांना उत्तम, तुमच्या आकाराला ज्वलनशीलतेच्या नियमांत अडकाल.

तासगावचा_मिस्त्री

ताईंचं बरोबर आहे. मी 22 वर्षं अमोनियावर काम करतोय, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. भीती बाळगा, पण योग्य गोष्टीची बाळगा.

अमोनियाचा वास फार थोड्या गळतीलाही येतो, माणूस आपोआप पळतो. आर-22 चा वास येत नाही, म्हणून तर तुमचा 25 किलो कुठे गेला ते कळलं नाही. माझ्या पाहण्यातले बहुतेक अपघात चालू मशीनमुळे झाले नाहीत, ते झाले तेल काढताना. तेल अमोनियात विरघळत नाही, खाली साचतं, ते वरचेवर काढावं लागतं. मी शिकाऊ होतो तेव्हा एका प्लांटवर पोरगा व्हॉल्व्ह उघडून बादली आणायला गेला. तेल संपलं आणि मागून गॅस आला. माणसं वाचली, पण त्या पोराच्या डोळ्यांना महिनाभर त्रास झाला. तिथे हात सोडला की आपोआप बंद होणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह हवा. कोटेशनमध्ये तो लिहून घ्या. किंमत किरकोळ आहे.

मास्क मशीनरूमच्या आत टांगू नका, दाराबाहेर ठेवा. मास्कला लावायची अमोनियाची गाळणीची डबी हिरव्या पट्ट्याची असते, तिची मुदत बघा. मोठ्या गळतीला डबी चालत नाही, पाठीवरचा हवेचा सिलिंडर लागतो. छतावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी लावा. हंगाम सुरू व्हायच्या आधी बायकांना आणि शाळेतल्या गुरुजींना एकदा तरी प्रत्यक्ष पळण्याचा सराव द्या : वाऱ्याला आडवं पळायचं, वाऱ्याबरोबर नाही. बाहेर पसरणाऱ्या वाफेवर पाण्याचा फवारा मारला की पाणी अमोनिया ओढून घेतं, पण जमिनीवर साचलेल्या द्रवावर पाणी टाकायचं नाही, त्याने उलट जास्त उसळतो.

आणि एक. अमोनिया थेट चेंबरमध्ये घेऊच नका. कॉइल गळली तर मणी तपकिरी पडतात, सगळी खोली जाते. ग्लायकॉल गळलं तर फरशी पुसायची.

डीसा_बटाटा

मी मूळचा जळगावचा, बनासकांठ्यात बटाट्याच्या स्टोरेजवर असतो. इथे सगळं अमोनियावरच. एवढंच सांगतो : गॅस परत द्रव करणाऱ्या कंडेन्सरला पाणी कसलं देणार ते आधी तपासा. जड पाण्याने क्षार बसले की दाब चढतो, वीज वाढते, आणि गॅस बदलून कमावलेलं सगळं तिथे जातं. सॉफ्टनर हवाच. तांब्या-पितळेचा एकही जोड अमोनियाच्या बाजूला राहू देऊ नका, अमोनिया तो खाऊन टाकतो.

कर्ज_आणि_कागद

कृषी पायाभूत सुविधा निधीतून 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याज सवलत मिळते, जास्तीत जास्त 7 वर्षं. एकात्मिक फलोत्पादन अभियानात शीतगृहाच्या आधुनिकीकरणालाही मदत आहे. पूर्वसंमतीआधी काम सुरू केलंत तर अनुदानाची आशा सोडा. अमोनिया येणार असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाशीही आताच बोला.

निफाडचा_बागायतदार

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संचालकांची बैठक झाली, ताईंचा 45 टन आणि 98 टनांचा आकडा फळ्यावर लिहिला. 404 रद्द. पण चारही चेंबर एकदम बदलण्याइतके पैसे नाहीत. सगळ्यात जास्त गळणारे प्री-कूलिंगचे दोन पहिल्यांदा ग्लायकॉलवर घ्यायचे, साठवणीचे दोन तूर्त आर-22 वरच ठेवायचे, असं ठरतंय. जुन्या युनिटांत उरलेल्या गॅसचं काय करू? ठेकेदार म्हणतो, हवेत सोडून द्या.

शीतयंत्र_पुणे

सोडू नका! रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये ओढून घ्या, सिलिंडर 80 टक्क्यांच्या वर भरू नका. ज्याचा कॉम्प्रेसर जळाला असेल त्याचा गॅस वेगळा ठेवा, आम्ल तपासल्याशिवाय वापरायचा नाही. बाकीचा ओलावा शोषणाऱ्या ड्रायरमधून गाळून तुमच्याच उरलेल्या दोन युनिटांना कामी येईल, पुढच्या फेब्रुवारीत सिलिंडर शोधत फिरावं लागणार नाही.

पण त्याआधी त्या दोघांची गळती बंद करा. नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने प्रत्येक फ्लेअर नट, सर्व्हिस व्हॉल्व्हच्या टोप्या आणि पंख्याच्या थरथरीने कॉइल जिथे पत्र्याला घासते ती जागा बघा. दिवाळीपर्यंत झालं पाहिजे. आणि चिलरवाल्याकडून लिहून घ्या : बाहेर 40 अंश असताना, भरलेल्या कॅरेटमधल्या मण्याच्या आतलं तापमान 30 वरून 4 वर यायला किती तास लागतील, आणि किती युनिटं जळतील. यंत्राच्या क्षमतेच्या नुसत्या टनांवर सही करू नका.