शब्दचर्चा: 'कन्व्हेन्शन ओव्हर कॉन्फिगरेशन'ला मराठीत काय म्हणाल?

नवीन पोरांना जावा वेब फ्रेमवर्क (जावा भाषेत वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा) मराठीतून शिकवतोय आणि गाडी 'कन्व्हेन्शन'पाशी अडलीय. तत्त्व असं, की ठरलेल्या पद्धतीने नावं दिली तर सेटिंग्ज, म्हणजे कॉन्फिगरेशन, वेगळं लिहावं लागत नाही. शब्दकोशात रूढी, प्रथा, संकेत, अधिवेशन (!) सगळंच आहे. कॉन्फिगरेशनला संरूपण, संयोजना असलं काही म्हटलं की पोरं हसतात, ते आहे तसंच राहू दे, फक्त कन्व्हेन्शनचं बघा.

— रूढी नको. रूढी मोडली की वाळीत टाकतात, इथे मोडायची पूर्ण मुभा आहे, फक्त मोडायची असेल तर तसं लिहून द्यायचं. संकेत बरा, सभागृहाचे संकेत म्हणतो ना, तसा.

— संकेत ठीक पण पोरांना संकेतस्थळ नाहीतर सांकेतिक लिपी आठवणार. उदाहरणाशिवाय कळायचं नाही. स्ट्रट्स २ या जावा फ्रेमवर्कचा कन्व्हेन्शन प्लगिन (जोडायचा भाग) घ्या. क्लासचं नाव हॅलोवर्ल्डॲक्शन ठेवलं की तो शेवटचा ॲक्शन छाटतो, उरलेल्याचं हॅलो-वर्ल्ड करतो आणि तोच यूआरएल, जेएसपी (पान दाखवणारी फाइल) पण त्याच नावाची वेब-इन्फच्या कंटेंट फोल्डरमध्ये शोधतो, एक्सएमएल सेटिंग फाइलमध्ये मॅपिंगची (कुठल्या यूआरएलला कुठला क्लास) एक ओळ लिहायची नाही. दुसरं नाव हवं असेल तर क्लासवर ॲनोटेशन (कोडमध्येच लिहायची खूण) टाका, संकेत बाजूला होतो.

— आणि पॅकेजचं (क्लास ज्या गटात ठेवतो त्याचं) सांगायलाच हवं!! पॅकेजच्या नावात स्ट्रट्स, स्ट्रट्स२, ॲक्शन किंवा ॲक्शन्स यातलं काहीतरी लागतं. आमच्याकडे एकाने पॅकेजला 'वेब' नाव दिलं आणि दुपारभर ४०४ ('पान सापडलं नाही') बघत बसला, कारण प्लगिन त्या पॅकेजकडे ढुंकूनही बघत नाही आणि एररमध्ये तसं सांगतही नाही. ओळखलेल्या ॲक्शन्सची यादी दाखवणारा कॉन्फिग ब्राउझर प्लगिन लावला तेव्हा यादीत त्याची ॲक्शनच नव्हती.

— म्हणजे शाळेतलं 'अध्याहृत' की हो हे! 'घरी जाईन' म्हटलं की 'मी' अध्याहृत, क्रियापदावरून कळतो. तसं इथे मॅपिंग अध्याहृत, क्लासच्या नावावरून कळतं. नियम तो संकेत, आणि त्यामुळे जे लिहावं लागत नाही ते अध्याहृत.

— वा, हे आवडलं. मग स्प्रिंग बूट हे दुसरं जावा फ्रेमवर्क पण यातच ना?

— थोडं वेगळं. त्याचं ऑटो-कॉन्फिगरेशन नावं बघत नाही, क्लासपाथवर (जावा जिथे कोड शोधते तिथे) कुठले जार (तयार कोडच्या फाइली) पडलेत ते बघतं, एचटू हा छोटा डेटाबेस सापडला आणि तुम्ही डेटासोर्स (डेटाबेसची जोडणी) दिला नसेल तर इन-मेमरी डेटाबेस स्वतःच उभा करतं. त्याला 'संकेत' म्हणणं ताणल्यासारखं होईल, 'अध्याहृत' मात्र चालेल. 'कन्व्हेन्शन ओव्हर कॉन्फिगरेशन' हा वाक्प्रचार गाजवला रुबी ऑन रेल्स या रुबी भाषेतल्या फ्रेमवर्कने, २००४ नंतर, आणि जावावाले एक्सएमएलला इतके विटले होते की त्यांनी तो लगेच उचलला.

— ठरलं, स्लाइडवर 'आधी संकेत, अडलं तरच कॉन्फिगरेशन' टाकतो. अध्याहृत तोंडी सांगेन, टाइप करताना तो हृ माझ्याकडून दरवेळी चुकतो.

— 'ओव्हर'चं 'वरील' केलं नाहीत हे फार बरं केलंत.