स्क्रिप्टला खिडकी दाखवता येईल की नाही, हे आधी कसं ओळखायचं?

प्रश्न:
बॅकअपची बॅश स्क्रिप्ट आहे. डेस्कटॉपवरून चालली तर झेनिटीने (स्क्रिप्टमधून खिडकी दाखवणारी कमांड) विचारायचं, एसएसएच (दूरच्या मशीनवरचं लॉगिन) किंवा क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) चालली तर नुसतं लॉगमध्ये लिहायचं. सध्या 'डिस्प्ले' व्हेरिएबल रिकामं आहे का, एवढंच तपासतो. पण टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी शेल चालू ठेवणारा प्रोग्राम) ते भरलेलं असूनही झेनिटी 'कॅनॉट ओपन डिस्प्ले' म्हणत बंद पडते. खात्रीचा उपाय काय?

उत्तर १:
व्हेरिएबलमध्ये नुसता पत्ता असतो. तिथे कुणी आहे का, ते दार ठोठावल्याशिवाय कळत नाही. एक्स फॉरवर्डिंगसह (दूरच्या मशीनवरची खिडकी आपल्या स्क्रीनवर दाखवण्याची सोय) एसएसएच केलं की सहसा लोकलहोस्ट:१०.० मिळतं, म्हणजे पोर्ट ६०१०. जोडणी तुटली की ते पोर्ट बंद होतं, पण टीमक्समधल्या जुन्या शेलकडे तोच पत्ता राहतो.

म्हणून 'एक्ससेट क्यू' (एक्स डिस्प्लेला त्याची माहिती विचारणारी कमांड) चालवा, आउटपुट फेकून द्या आणि फक्त एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा, शून्य म्हणजे यश) बघा. आधी 'टाइमआउट ३' नक्की लावा, कारण अर्धवट मेलेल्या जोडणीवर ही कमांड लटकून बसते. वेळ संपली तर १२४ येतो. शून्य सोडून काहीही आलं, तर डिस्प्ले नाही असंच धरा.

उत्तर २:
वेलँडवर (एक्सच्या जागी आलेली नवी डिस्प्ले पद्धत) एवढ्याने भागत नाही. एक्सवेलँड (वेलँडवर एक्सचे प्रोग्राम चालवणारा भाग) चालू असेल तर एक्ससेटला उत्तर मिळतं. ते नसेल तर 'नाही' येईल, आणि झेनिटी मात्र व्यवस्थित उघडेल. म्हणून 'वेलँड डिस्प्ले' व्हेरिएबलही बघा. त्यात दिलेल्या नावाचं सॉकेट (प्रोग्रामना जोडणारी खास फाइल) 'एक्सडीजी रनटाइम डिर' व्हेरिएबलमधल्या फोल्डरमध्ये असतं. ते आहे का, हे टेस्टच्या मोठ्या एस पर्यायाने कळतं. मूल्य तिरप्या रेघेने सुरू होत असेल तर तोच पूर्ण पाथ समजा. कंपोझिटर (वेलँडवर खिडक्या दाखवणारा मुख्य प्रोग्राम) कोसळल्यावर सॉकेटची फाइल मागे राहू शकते, त्यामुळे वेलँड-इन्फो (वेलँडशी जोडून माहिती दाखवणारी कमांड) इन्स्टॉल असेल तर तीच चालवून बघणं जास्त भरवशाचं.

उत्तर ३:
तपासणी त्याच युजरने करा, ज्याच्या नावाने खिडकी उघडणार आहे. सुडो (दुसऱ्या युजरच्या, सहसा रूटच्या, अधिकाराने कमांड चालवणं) लावलं की 'एक्सऑथॉरिटी' (डिस्प्ले वापरायच्या परवानगीची फाइल कुठे आहे ते सांगणारं व्हेरिएबल) हरवू शकते आणि डिस्प्ले असूनही नकार येतो. क्रॉनमध्ये 'डिस्प्ले' व्हेरिएबलला ':०' (त्याच मशीनवरचा डिस्प्ले) हाताने भरू नका. त्या डिस्प्लेवर दुसराच कुणी लॉगिन असू शकतो.

झेनिटी चालवून तिच्याच कोडवरून ठरवू, हा विचारही सोडा. रद्द केलं तरी १, आणि जीटीके ३ ला (खिडक्या काढणारी लायब्ररी) डिस्प्ले उघडता आला नाही तरी १. वापरणाऱ्याने बॅकअप नाकारला की त्याला विचारलंच गेलं नाही, हे स्क्रिप्टला कळणारच नाही.