६० हजारांत गेमिंग पीसी : ३८ हजारांचा 'आय७' घेऊ की रायझन? (सोलापूर)

मागावरचा_पोरगा

नमस्कार मंडळी. सोलापुरातच राहतो, पूर्व भागात. खाली आमचे टॉवेलचे माग, वर पत्र्याची खोली, आणि त्या खोलीत मला गेमिंग पीसी बसवायचाय. बीसीए दुसरं वर्ष. बजेट ६० हजार, त्यातले ४० पप्पांचे आणि वरचे माझे, सुट्टीत ओळखीच्यांच्या दुकानात बिलं फाडून जमवलेले. मॉनिटर यात धरलेला नाही, चुलतभावाचा जुना २२ इंची पडून आहे. कीबोर्ड-माऊस आहेत.

खेळणार काय, तर व्हॅलोरंट रोज. जीटीए ५ मित्रांसोबत. रेड डेड २ एकदा निवांत संपवायचंय. बाकी कॉलेजचं जावा-पायथन, त्याला काय लागतंय.

दोन दुकानं फिरलो. पहिला म्हणाला, आय७ थर्ड जनरेशन, नवा एच६१ बोर्ड, १६ जीबी रॅम, आरएक्स ५८० आठ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५०० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज देणारा सप्लाय), काचेचा कॅबिनेट, चार रंगीत फॅन. ३८ हजार फक्त, डोळे झाकून घे. दुसऱ्यानं रायझन ५ ५६००जी, ए५२० बोर्ड, १६ जीबीची एकच रॅम, ५१२ जीबीचा एनव्हीएमई एसएसडी, जीटीएक्स १६५० आणि ४५० वॅट सप्लाय असं ५७ हजारांना सांगितलं.

पप्पा म्हणतात, "आय७ मोठा का नाही? मग १९ हजार जास्त कशाला घालायचे?" मला नेमकं उत्तर देता येईना. पटेल असं काहीतरी सांगा.

---

जुना_असेंबलर

पप्पांना आधी एवढंच विचार, की मागाची मोटर घेताना ते फक्त नाव बघतात का साल पण बघतात? आय७ हे नाव झालं. थर्ड जनरेशन म्हणजे २०१२ चा माल. चार कोर, आठ थ्रेड. तेवढेच चार कोर आणि आठ थ्रेड २०२२ च्या आय३-१२१००एफ मध्ये आहेत, आणि तो आय३ या आय७ ला गेममध्ये आरामात मागं टाकतो. वर रॅम डीडीआर३, म्हणजे उद्या बोर्ड गेला की रॅमसुद्धा दुसरीकडं चालणार नाही. बोर्ड "नवा" आहे हे खरं असेल, पण जुन्या चिपसेटवर आता बनवलेले चिनी बोर्ड असतात ते. बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट विचारू नकोस, वॉरंटी दुकानदाराच्या तोंडची.

आता तुझ्या कामाचं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची आठवी जनरेशन आणि पुढचेच प्रोसेसर आहेत. जुगाड करून ११ चढवता येतं, दुकानदार चढवून देईल पण. मात्र विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० (पीसीतली सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाची तपासणी) मागतं, आणि एच६१ वर टीपीएम २.० आणणार कुठून? तुझा रोजचा गेमच अडला तर ३८ हजारांत स्वस्त काय झालं, बघ की.

आरएक्स ५८० बद्दल. कार्ड आलं २०१७ ला, आता जे फिरतंय त्यातलं बरंचसं क्रिप्टो मायनिंगमधून (कार्डावर आभासी नाणी कमवायच्या धंद्यातून) निघालेलं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं कार्डावरचं मायनिंग बंद पडलं आणि हा सगळा माल बाजारात ओतला गेला. धुऊन, नवा फॅन लावून, नव्या खोक्यात. शिवाय "५८०" च्या नावावर २०४८एसपी नावाचं कमी ताकदीचं मॉडेल खपवतात, खऱ्यात २३०४ शेडर (चित्र काढणारे छोटे कोर) असतात. जीपीयू-झेड फुकट सॉफ्टवेअर आहे, दुकानातच चालवून आकडा बघायचा. अर्थात तुला ते घ्यायचंच नाहीये, पण मित्र कुणी फसत असेल तर सांग.

दुसऱ्या दुकानदाराचं कोटेशन फसवं नाही, पण जुळवणी चुकीची आहे. ५६००जी मध्ये ग्राफिक्स आत असतं, आणि त्यापायी कॅशे (प्रोसेसरमधली वेगवान मेमरी) निम्मी (१६ एमबी, साध्या ५६०० ला ३२) आणि पीसीआयई (कार्ड जोडायची लाईन) पण ३.० वरच. वेगळं कार्ड लावणारच असशील तर आतल्या ग्राफिक्सचे पैसे कशाला? आणि लावलंय ते १६५०, चार जीबीचं. रेड डेड २ त्यावर चालेल, "निवांत" नाही चालणार. रॅमची एकच कांडी हा तर सरळ तोटा. आठ-आठच्या दोन घे, ड्युअल चॅनलला, म्हणजे रॅम दुहेरी वाटेनं पळते.

मी असतो तर हे घेतलं असतं : रायझन ५ ५६०० (साधा, शेवटी जी नसलेला), बी४५० किंवा बी५५० बोर्ड, डीडीआर४ ३२०० च्या ८+८, ५०० जीबी एनव्हीएमई आणि आरएक्स ६६०० आठ जीबी. एक तृतीयांशाहून जास्त पैसे कार्डातच जातील, जाऊ दे. गेमिंगमध्ये तिथंच कंजूषी नडते. इंटेलकडं जायचं असेल तर आय५-१२४००एफ आणि एच६१० बोर्ड, तोही सहा कोर बारा थ्रेड, फरक उन्नीस-बीसचा. दुकानात ज्याची जोडी स्वस्त बसेल ती उचल. आरएक्स ६६०० चा माल नसेल तर आरटीएक्स ५०५० चा भाव काढ. पण आरटीएक्स ३०५० म्हणून सहा जीबीवालं गळ्यात मारतील ते नको, आठ जीबीच्या ३०५० पेक्षा ते कमी ताकदीचं आहे, नाव तेवढं सारखं.

एक अडचण आहे. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत, मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा सगळा ओढा एआय डेटा सेंटरच्या मालाकडं. एसएसडीवरपण त्याची झळ आहे. त्यामुळं ६० मध्ये हे बसवायला ओढाताण होणार, आणि कोटेशन एखाद-दुसरा दिवसच टिकेल. ओढाताण झाली तर रंगीत फॅन, काच, हे सगळं आधी उडव. मग बोर्ड ए५२० वर आण, थोडं नुकसान आहे पण चालतं. सप्लाय मात्र उडवू नकोस. त्यावर माझं जास्त सांगणं आहे.

सोलापुरात मी जेवढे मेलेले पीसी उघडले, त्यात प्रोसेसर गेलेला क्वचित. गेलेला असतो सप्लाय, आणि जाताना बोर्ड घेऊन जातो. त्या "५०० वॅट" वाल्याचं लेबल वाच. +१२ व्होल्टच्या रांगेत अँपिअर लिहिलेले असतात, त्याला १२ ने गुण. १८ अँपिअर असेल तर झाले २१६ वॅट. बाकीचे वॅट कागदावर. कार्ड आणि प्रोसेसर दोघांची भूक याच १२ व्होल्टवर भागते. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट, ५६०० ला फुल्ल लोडवर साधारण ७६ पर्यंत, वर फॅन-एसएसडी. म्हणजे अडीचशेच्या आत काम. ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवतो त्याचा शिक्का) नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅट घे, पुढं कार्ड बदललंस तरी तोच चालेल. लेबलवर १२ व्होल्टला ४० अँपिअरच्या पुढं आकडा दिसला पाहिजे.

आणि अर्थिंग. जुन्या घरात तीन पिनचा सॉकेट असतो, तिसऱ्या भोकात वायरच नसते. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात ते यामुळं. वायरमनला बोलावून मीटर लावून घे. फेज-अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत आलं पाहिजे. खाली माग चालू असताना बघ, बंद असताना नाही. मोटर सुरू होताना व्होल्टेज किती पडतंय तेही कळेल. मागाच्या लाईनवरून वर कनेक्शन ओढलं असेल तर ते आधी वेगळं कर, पीसी नंतर.

राहिली धूळ. तुझ्या घरात टॉवेलच्या सुताची धूळ उडते ती साध्या धुळीसारखी नाही. ती हीटसिंकच्या पात्यांत घोंगडीसारखी घट्ट बसते, फुंकून निघत नाही. काचेचा कॅबिनेट विसर. पुढून जाळी आणि त्या जाळीमागं काढता येणारा फिल्टर असा घे, पुढं दोन फॅन हवा आत घेणारे, मागं एक बाहेर टाकणारा. आत जास्त हवा ओढली की बाकीच्या फटींतून सूत शिरत नाही. फिल्टर दर आठवड्याला काढून झटक. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटानं धरून ठेव, मोकळं फिरू दिलंस तर बेअरिंग जातं.

पत्र्याखाली मे महिन्यात ४३-४४ बाहेर असलं तर आत त्याहून जास्त. खोली दहा अंश तापली की कार्डपण साधारण तेवढंच जास्त तापणार, त्यावर औषध नाही. दुपारी फ्रेम लिमिट (सेकंदाला किती चित्रं काढायची याची मर्यादा) लावून खेळ. आणि पाण्याचा कूलर कॅबिनेटच्या तोंडावर धरू नकोस, ओलसर वारं आणि सूत दोन्ही आत जातं.

---

हुतात्मा_खिडकी_सीट

असेंबलर मालक, सगळं मान्य, पण एक सुचवतो. मी नोकरीला हडपसरला, घर साखर पेठेत. पुण्यात सेकंड हँड आरएक्स ६६०० बिल-बॉक्ससकट मिळतं, वॉरंटी शिल्लक असलेलं. हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी यायचं, कार्ड चालवून बघायचं, संध्याकाळच्या हुतात्मानं परत. वाचलेले पैसे एक टीबीच्या एसएसडीत घालायचे. रेड डेड २ एकटंच १५० जीबी मागतं, ५०० मध्ये विंडोज धरून किती गेम बसणार?

---

जुना_असेंबलर

एसएसडीचं बरोबर. कार्डाचं, विकणाऱ्याच्या घरी जाऊन अर्धा तास फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर) चालवून बघायची तयारी असेल तर घ्यावं. रेल्वे स्टेशनवर भेटून खोकं हातात देणाऱ्याकडून नाही. आणि बिलावरचा सिरीयल नंबर कार्डाच्या मागच्या स्टिकरशी जुळतोय का बघायचं, लोक खोकं एकाचं आणि कार्ड दुसऱ्याचं देतात.

नवं घेतलं तर जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर सिरीयल नंबर लिहून. "कच्च्यात घे, १८ टक्के वाचव" म्हणतील. तीन वर्षांत कधी कार्ड गेलं तर कच्चं बिल दाखवून कुणी दारात उभं करत नाही.

---

स्नेहल_जुळेसोलापूर

मी थोडं उलटं सांगते. ५६००जी लगेच मोडीत काढू नका. माझ्या भावाला आम्ही तोच घेतला, कार्डाशिवाय. ८+८ रॅम, चांगला ५५० चा सप्लाय, बस. व्हॅलोरंट १०८० ला लो सेटिंगवर शंभराच्या वर फ्रेम देतं. जीटीए ५ पण चालतं. कार्ड दिवाळीनंतर घेणार, बोनस झाला की. सगळे ६० एकदम घालवून घरात कटकट करण्यापेक्षा ४० मध्ये सुरुवात करून पप्पांचे पैसे आधी सार्थकी लागलेले दाखव. दादांनी सांगितलेला सप्लाय आणि कॅबिनेट मात्र पहिल्या दिवसापासून घे, ते परत बदलायला जीवावर येतं.

एकच अट, रॅमची एक कांडी ठेवलीस तर ५६००जी अर्धमेला होतो. आतलं ग्राफिक्स रॅमवरच जगतं.

---

मागावरचा_पोरगा

सगळ्यांचे आभार. पप्पांना व्हॅलोरंट चालणार नाही हे काही भिडलं नाही, पण "२०१२ चा माल" म्हटल्यावर ते स्वतःच म्हणाले, नको. अर्थिंगचं ऐकून तर त्यांनी आजच वायरमनला फोन लावला. खाली मागाच्या स्विचबोर्डलापण झटका बसतो म्हणे कधीकधी, इतके दिवस कुणी बोललं नाही.

ताई, तुमचं पटतंय, पण रेड डेडसाठी दिवाळीपर्यंत थांबायचं म्हणजे जीव जाईल. ५६०० आणि आरएक्स ६६०० कडंच कल आहे. दोन शंका. चुलतभावाच्या मॉनिटरला मागं फक्त निळी पिन आहे, चालेल का? आणि यूपीएस ६०० व्हीएचा पुरेल का? आमच्याकडं लाईट गेली तर दोन मिनिटांत येते किंवा दोन तासांनी.

---

जुना_असेंबलर

निळी पिन म्हणजे व्हीजीए. आरएक्स ६६०० ला व्हीजीए नाही, एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टच आहे. एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर लावून चित्र येईल, तेवढ्यावर भागव आणि मॉनिटरसाठी वेगळे पैसे साठव. २४ इंची आयपीएस, १०८० चा, १४४ हर्ट्झ किंवा वरचा. तो आला की केबल कार्डाला लाव, बोर्डाच्या एचडीएमआयला नाही. ५६०० ला आतलं ग्राफिक्स नाही, बोर्डात लावलीस तर पडदा काळा राहील आणि तू दुकानदाराला शिव्या घालशील. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवड, नाहीतर तो ६० वरच बसून राहतो.

यूपीएस, ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. गेम चालू असताना अडीचशे आणि मॉनिटर, म्हणजे बसतं कसंबसं, बॅटरी जुनी झाली की बसणार नाही. १००० व्हीएचा जमला तर घे. आत्ता पैसे नसतील तर ६०० चा घे, पण लाईट गेली की गेम सोडून सेव्ह कर आणि बंद कर. दोन मिनिटांत येईल म्हणून रँक्ड मॅच खेळत बसू नकोस.

आणखी एक, दुकानदार करून देत नाही ते. पीसी जोडून झाल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सेटिंग) चालू कर, काही बोर्डांवर त्याला डीओसीपी लिहिलेलं असतं. नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वरच पळत राहते. दुकानात काउंटरवरच करून घे, टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड बघ आणि मग पैसे दे. दोन्ही कोटेशन हातात आली की इथं टाक, बोर्डाचं पूर्ण मॉडेल लिहून. "बी४५०" एवढंच लिहून देतील, ते चालणार नाही. जुन्या बी४५० ला ५६०० साठी बायोस अपडेट लागतं, ते त्यांच्याकडूनच करून घे.