छापील अंक कमी करताना जुने वर्गणीदार कसे टिकवावेत?

प्रश्न
मी एका लहान स्थानिक दैनिकाचे वितरण सांभाळतो. छपाई आणि वाहतुकीचा खर्च जाहिरातींतून भागेनासा झाल्यामुळे आठवड्यातील चार दिवस केवळ ई-पेपर द्यावा, असा विचार व्यवस्थापनात चालू आहे. आमचे बहुतेक वर्गणीदार साठीच्या पुढचे आहेत. मागच्या महिन्यात ई-पेपरची लिंक पाठवली, तेव्हा एका जुन्या वर्गणीदारांनी फोन करून सांगितले, "निधनवार्तेचे पान मोठे करायला जावे, तर दुसरेच पान उघडते." अशी माणसे आम्हाला गमवायची नाहीत. हा बदल ज्यांनी अभ्यासला असेल त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १
आपण 'अर्कान्सा डेमोक्रॅट-गॅझेट' या अमेरिकी दैनिकाचा प्रयोग अवश्य पाहावा. त्यांनी 2018 मध्ये ब्लायथव्हिल या छोट्या गावापासून सुरुवात केली. पूर्ण वर्गणी चालू ठेवणाऱ्यांना आयपॅड वापरायला दिला आणि रोजचा अंक त्यावर, छापील पानांच्याच मांडणीत, पोहोचवला. रविवारचा अंक मात्र छापणे चालू ठेवले. माझ्या मते आयपॅडपेक्षाही महत्त्वाचे होते ते शिकवणे. कर्मचाऱ्यांनी वर्गणीदारांसमोर बसून अंक कसा उघडायचा, अक्षर कसे मोठे करायचे, हे हाताला सवय होईपर्यंत दाखवले. आपल्याला उपकरण देणे परवडणार नाही, हे उघड आहे. पण समोर बसून शिकवणे परवडू शकते, आणि फोन करणाऱ्या त्या गृहस्थांना नेमके तेच हवे आहे.

उत्तर २
घाई करू नये, एवढेच सांगतो. न्यू ऑर्लिन्सच्या 'टाइम्स-पिकायून'ने 2012 मध्ये छपाई आठवड्यातून तीन दिवसांवर आणली, तेव्हा वाचक संतापले आणि शेजारच्या शहरातील 'द ॲडव्होकेट'ने तिथे आपली दैनिक आवृत्ती सुरू केली. 2019 मध्ये त्याच प्रतिस्पर्ध्याच्या मालकांनी 'टाइम्स-पिकायून' विकत घेतले. उलट माँट्रियलच्या 'ला प्रेस'ने 2013 मध्ये टॅब्लेटवरची आवृत्ती आणली, ती रुळल्यावर 2016 पासून सोमवार ते शुक्रवारची छपाई थांबवली आणि शनिवारचा अंक 2017 अखेरपर्यंत चालवला.

उत्तर ३
मी पाने लावण्याचे काम करतो, म्हणून त्या बाजूने लिहितो. छापील पानाची पीडीएफ फोनच्या पडद्यावर वाचणे हे तरुण डोळ्यांनाही जड जाते. बातमीवर बोट ठेवताच तिचा मजकूर मोठ्या अक्षरांत, एकाच स्तंभात उघडेल, अशी सोय आधी करून घ्यावी. मात्र पानांची मांडणी मोडू नये, कारण अंक सुरू होतो आणि संपतो, सगळे वाचून झाले असे मनाला वाटते, आणि अखंड सरकणाऱ्या संकेतस्थळावर ते समाधान मिळत नाही. छापखान्याची वेळ पाळावी लागणार नसल्यामुळे रात्री उशिरा संपलेल्या सभेची बातमीही त्याच अंकात घेता येईल, आणि वर्गणीदारांना हा फायदा स्पष्ट शब्दांत सांगायला हवा.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. तारीख ठरवण्याआधी ज्यांनी लिंक एकदाही उघडलेली नाही, अशा वर्गणीदारांची यादी काढतो आणि अंक टाकणाऱ्या मुलांना सोबत घेऊन त्यांच्या घरी जातो; कोणते दार कधी उघडते, हे त्या मुलांनाच ठाऊक आहे.