आम्लता, आम्लांक की सामू? मेदाम्लं आणि साबणाच्या शब्दांचा घोळ

तेलाच्या तपासणीचा एक रिपोर्ट मराठीत करतेय. त्यात 'ॲसिड व्हॅल्यू' आहे, मी सरळ 'आम्लता' लिहिलं तर शेरा आला की वाचणाऱ्याला पीएच वाटेल. मग काय लिहू? आणि फॅटी ॲसिड म्हणजे मेदाम्ल की वसाम्ल?

– शेरा बरोबरच आहे हो. पीएचला आपल्याकडे सामू आहे, पण तो पाण्यातल्या द्रावणाचा, नुसत्या तेलाला कसला सामू? ॲसिड व्हॅल्यू म्हणजे 1 ग्रॅम तेलातली मोकळी मेदाम्लं उदासीन करायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागलं तो आकडा, तेल अल्कोहोलमध्ये घेऊन फिनॉल्फ्थॅलीन (रंग बदलून दाखवणारा दर्शक) टाकायचं आणि फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत ते हायड्रॉक्साइड थेंब थेंब सोडत बसायचं. मी 'आम्लांक' लिहितो. मेदाम्ल-वसाम्ल दोन्ही चालतात, विश्वकोशात वसाम्ल दिसेल, मला मेदाम्ल जवळचं वाटतं कारण मेद शब्द सगळ्यांना कळतो.

– आम्लांक छान, फक्त त्यासोबत 'तीव्र' वगैरे लावू नका. ही दोन मेदाम्लं बघा, शुद्ध स्टिअरिक आम्लाचा आम्लांक साधारण 197 आणि लॉरिकचा 280, म्हणून लॉरिक जास्त जहाल असं नाही, त्याचा रेणू लहान, त्यामुळे एका ग्रॅममध्ये रेणू जास्त बसतात, बास. ही मोजदाद आहे, जोर नाही.

कळलं, थँक्यू! आता पुढचं. 'साबण विद्राव्य आहे' असं लिहू का?

– कुठला साबण आणि कसलं पाणी ते आधी सांगा :) सोडियम स्टिअरेट, म्हणजे स्टिअरिक आम्लाचा सोडियमचा साबण, गार पाण्यात जेमतेम जातं, गरम केलं की जातं, आणि तिथेही रेणू सुटे न राहता मिसेल नावाचे पुंजके करतात. तरी 'विरघळतो' म्हणायला हरकत नाही. त्याच द्रावणात आम्ल ओतलं की मेदाम्ल सुटं होऊन सगळं गढूळ. पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून होणारा कॅल्शियमचा साबण मात्र अविद्राव्यच, बादलीला चिकटणारा तो पांढरट साका तोच.

– म्हणून तर असल्या कॅल्शियमवाल्या पाण्याला 'दुष्फेन' म्हणतात, फेस व्हायला कठीण! शाळेत नुसता पाठ केला होता, अर्थ आत्ता लागला. 'हार्ड वॉटर'पेक्षा हा शब्द जास्त सांगतो, रिपोर्टमध्ये हाच टाका.