‘लोहाफेक्स’ प्रयोग खरोखर फसला का?

कोकणातील रसायनशिक्षक यांचा प्रश्न

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. कार्बन चक्र शिकवताना समुद्रातील वनस्पतीप्लवकांचा विषय निघाला आणि एका विद्यार्थिनीने विचारले, की पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणाचा जवळजवळ निम्मा वाटा जर ही सूक्ष्म शैवाले उचलत असतील आणि काही समुद्रांत त्यांची वाढ केवळ लोहाच्या तुटवड्यामुळे अडत असेल, तर शेताला खत घालावे तसे समुद्राला लोह घालून हवेतील कार्बन डायऑक्साइड कमी का करू नये? उत्तर शोधताना गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेबरोबर २००९ मध्ये केलेल्या ‘लोहाफेक्स’ प्रयोगाचा उल्लेख सापडला, परंतु बहुतेक ठिकाणी तो ‘फसला’ एवढ्यावरच विषय संपवला आहे. त्यात नेमके काय मोजले गेले आणि अशा संशोधनाला सरकारी निधी मिळत राहावा का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सागरी रसायन (निवृत्त संशोधक, गोवा)

सर, आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न अगदी योग्य आहे, कारण हाच प्रश्न अमेरिकेतील मॉस लँडिंग येथील सागरी प्रयोगशाळेचे जॉन मार्टिन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस गांभीर्याने मांडला होता. दक्षिण महासागर, विषुववृत्तीय प्रशांत महासागर आणि उत्तर प्रशांत महासागराचा काही भाग येथे नायट्रेट व फॉस्फेट मुबलक असूनही शैवाले विरळ असतात. जमिनीवरून येणारी धूळ तिथे फारशी पोहोचत नसल्याने लोह कमी पडते, हे त्यांचे प्रतिपादन होते. मार्टिन १९९३ मध्ये वारले. त्याच वर्षी गालापागोस बेटांजवळ त्यांच्या कल्पनेची पहिली चाचणी खुल्या समुद्रात झाली, आणि लोह मिळाले की शैवाले वाढतात ही गोष्ट त्या व त्यानंतरच्या प्रयोगांतून सिद्ध झाली. तेव्हा लोहाफेक्सपुढचा प्रश्न शैवाले वाढतात का हा नव्हता. वाढलेल्या शैवालांतील कार्बन खोल समुद्रात उतरतो का, हा होता. वृत्तपत्रांनी हा फरक नीट मांडला नाही, याची मला आजही खंत वाटते.

‘पोलारश्टेर्न’ हे जर्मन संशोधन जहाज जानेवारी २००९ मध्ये केप टाउनहून निघाले. गोव्याच्या संस्थेचे वजीह नक्वी आणि जर्मन संस्थेचे व्हिक्टर स्मेटाचेक हे दोघे मोहिमेचे संयुक्त प्रमुख होते. दक्षिण अटलांटिकमध्ये एका मोठ्या, स्वतःभोवती फिरणाऱ्या भोवऱ्याच्या गाभ्यात सुमारे ३०० चौरस किलोमीटर क्षेत्रावर काही टन लोह विरघळवून सोडण्यात आले. भोवरा निवडण्याचे कारण असे, की त्यातील पाणी आसपासच्या पाण्यात लवकर मिसळत नाही आणि तोच पट्टा कित्येक आठवडे सतत मोजता येतो. पहिल्या दोन आठवड्यांत प्लवकांचे वस्तुमान जवळजवळ दुप्पट झाले. पुढे मात्र ती वाढ थांबली.

थांबण्याचे कारण पाण्याच्या रसायनात होते. डायटम नावाच्या शैवालांना सिलिकाचे कवच बांधावे लागते, आणि त्या भागातील सिलिसिक आम्ल (पाण्यात विरघळलेले सिलिका) शैवालांच्या आधीच्या नैसर्गिक बहरांनी जवळपास संपवले होते. डायटम वाढू शकले नाहीत, म्हणून लोहाचा फायदा कवच नसलेल्या लहान प्लवकांनी घेतला. त्यांना कोपेपॉड या बारीक कवचधारी प्राण्यांनी फस्त केले आणि कोपेपॉड खायला थेमिस्टो जातीचे अँफिपॉड (कोळंबीसारखे छोटे प्राणी) मोठ्या संख्येने जमले. शैवालांनी पाण्यातून ओढून घेतलेला कार्बन अशा रीतीने वरच्याच थरातील अन्नसाखळीत फिरत राहिला आणि प्राण्यांच्या श्वसनावाटे त्याचा मोठा भाग पुन्हा पाण्यात आला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार लोहामुळे जैविक उत्पादन वाढले, पण खाली बुडणाऱ्या कणांचा ओघ वाढला नाही.

याच्या शेजारी २००४ मधील ‘आयफेक्स’ प्रयोग ठेवून पाहावा. तोही याच जहाजावरून दक्षिण महासागरात झाला होता, पण तिथे सिलिसिक आम्ल पुरेसे होते. तिथे डायटमचा बहर आला, त्यांच्या साखळ्यांचे पुंजके झाले, आणि बहरातील किमान निम्मे वस्तुमान १,००० मीटरच्या खाली बुडाले असे २०१२ मधील शोधनिबंधात दाखवले आहे. दोन्हीकडे घातले ते लोहच. कोण वाढले आणि त्याला कोणी खाल्ले, यावर कार्बनचा पुढचा प्रवास ठरला. दक्षिण महासागराच्या उत्तरेकडील मोठ्या भागात सिलिसिक आम्ल तुटपुंजे असते, त्यामुळे लोह पेरून कार्बन साठवण्याचे जे मोठमोठे अंदाज कागदावर मांडले जात होते त्यांना लोहाफेक्समुळे लगाम बसला. माझ्या मते हे त्या प्रयोगाचे यश आहे.

ब्रेमेनचा रहिवासी

त्या काळातील वादाबद्दल थोडे सांगतो. मे २००८ मध्ये बॉन येथे जैवविविधता कराराच्या सदस्य देशांनी समुद्रात खत घालण्याच्या उपक्रमांबाबत सावधगिरीचा ठराव केला होता. किनाऱ्याजवळील लहान शास्त्रीय अभ्यासांना त्यात सवलत होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये समुद्रात कचरा टाकण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या लंडन कराराच्या सदस्यांनी वैध शास्त्रीय संशोधनाला वाट मोकळी ठेवली. जहाज निघाल्यावर पर्यावरणवादी संघटनांनी आक्षेप घेतला, जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयाने प्रयोग थांबवावा असे म्हटले, आणि संशोधन मंत्रालयाने स्वतंत्र तज्ज्ञांकडून परीक्षण करून घेऊन जानेवारीच्या अखेरीस परवानगी दिली. आक्षेप घेणाऱ्यांना मी दोष देणार नाही. खुल्या समुद्रात काही सोडण्यापूर्वी असे परीक्षण झालेच पाहिजे.

एक करदाता

माहिती उत्तम आहे. तरीही विचारावेसे वाटते, की आपल्याकडे किनाऱ्यावरच्या प्रदूषणाचे मोजमाप धड होत नसताना दूरच्या महासागरातील प्रयोगावर भारताने खर्च का करावा? ज्या कंपन्यांना कार्बन साठवून पैसे मिळवायचे आहेत त्यांनीच हा खर्च सोसावा.

सागरी रसायन (निवृत्त संशोधक, गोवा)

आपली पहिली तक्रार रास्त आहे. किनाऱ्याच्या नियमित मापनाला अधिक पैसा मिळायला हवा आणि तो या कामाच्या बदल्यात नव्हे, तर याच्या जोडीने मिळायला हवा. दुसऱ्या मुद्द्याशी मी सहमत नाही. २०१२ मध्ये कॅनडाच्या पश्चिमेकडील हैदा ग्वाई बेटांजवळ एका खासगी उपक्रमाने सुमारे १०० टन लोहयुक्त पदार्थ समुद्रात टाकला. साल्मन मासे वाढतील आणि कार्बनचे श्रेय (कार्बन क्रेडिट) विकता येईल, अशी त्यामागे अपेक्षा होती. ज्याला कार्बन विकायचा आहे त्याच्याच हाती मापनाचा तराजू देणे मला धोक्याचे वाटते. ‘कार्बन खाली गेला नाही’ हे उत्तर प्रामाणिकपणे छापण्यासाठी विक्रीत हितसंबंध नसलेली संस्था लागते, आणि ती सार्वजनिक निधीवरच उभी राहते.

कोकणातील रसायनशिक्षक

मनःपूर्वक आभार. दोन शंका उरल्या. हाच प्रयोग आपल्या अरबी समुद्रात केला तर? आणि कण खाली बुडतात की नाही, हे मोजतात कसे?

सागरी रसायन (निवृत्त संशोधक, गोवा)

अरबी समुद्रात असे करू नये, असे माझे ठाम मत आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या अखेरीस ओमानजवळच्या पाण्यात नायट्रेट शिल्लक असूनही शैवाले कमी दिसतात आणि तिथे लोह कमी पडत असावे असे नक्वी व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडले, हे खरे आहे. परंतु या समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटर खोलीवर ऑक्सिजन अत्यल्प असलेला जाड थर आहे. वरून अधिक सेंद्रिय पदार्थ बुडाला तर जीवाणू तो कुजवताना उरलासुरला ऑक्सिजन वापरतात, मग नायट्रेटकडे वळतात, आणि त्या प्रक्रियेत नायट्रस ऑक्साइड तयार होऊ शकतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ घडवतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत दरवर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात ऑक्सिजन संपलेले पाणी उथळ भागात येते आणि तिथे या वायूचे प्रमाण फार वाढते, हे गोव्याजवळच्या मापनांतूनच पुढे आले आहे.

मापनाची पद्धत आपल्या वर्गात सांगण्याजोगी आहे. समुद्राच्या पाण्यात युरेनियम-२३८ विरघळलेले असते आणि क्षारतेवरून त्याचे प्रमाण काढता येते. त्याच्यापासून बनणारे थोरियम-२३४ मात्र कणांना चिकटते, आणि त्याचा अर्धायुकाल सुमारे २४ दिवसांचा आहे. पाणी शांत असेल, कण बुडत नसतील, तर दोघांची किरणोत्सारी सक्रियता सारखी राहते. कण बुडू लागले की ते थोरियम सोबत नेतात आणि वरच्या थरात त्याची तूट दिसते. ती तूट आणि कणांमधील कार्बन-थोरियम गुणोत्तर हाती असले, की दररोज प्रति चौरस मीटर किती कार्बन खाली गेला ते काढता येते. लोहाफेक्समध्ये याच्या जोडीला पाण्याबरोबर तरंगत वाहणारे आणि बुडणारे कण गोळा करणारे कणसापळेही वापरले होते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना अर्धायुकालाचे सूत्र येतेच, तेव्हा तूट दिली तर ओघाचे सोपे गणित ते स्वतः सोडवू शकतील.