युनियनच्या निवडणुकीत पत्रकांवरून वाद पेटलाय, निवडणूक समितीने काय करावं? (मदत हवी आहे)

नमस्कार. कामगार कायद्यातलं कळणाऱ्यांनी आणि युनियनच्या निवडणुका जवळून पाहिलेल्यांनी कृपया वाचा. हातात नऊ दिवस आहेत.

चाकण भागातल्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं मशीन शॉपला आहे. आमची अंतर्गत युनियन, सभासद ४१२. दर तीन वर्षांनी कमिटीची निवडणूक होते. यंदा सर्वसाधारण सभेने तिघांची निवडणूक समिती नेमली, त्यात मी आहे, कारण मी कुठल्याच पॅनेलचा नाही. आजवर निवडणूक म्हणजे गेटवर दोन भाषणं आणि एक हँडबिल. यंदा मात्र प्रकरण हाताबाहेर चाललंय.

सत्ताधारी पॅनेलने पत्रक काढलं ते युनियनच्या लेटरहेडवर. वर नोंदणी क्रमांक, खाली गोल शिक्का, आणि मध्ये "मागचा वेतनकरार आम्ही केला, पुन्हा संधी द्या". विचारलं तर म्हणतात, आज कमिटी आम्हीच आहोत, मग लेटरहेड कुणाचं?

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटताना बसच्या सीटवर झेरॉक्स केलेला कागद पडलेला. कुणाचंही नाव नाही. मयत फंडातले पैसे कुठे गेले, असा सवाल आणि खजिनदाराकडे बोट. खजिनदाराची मुलगी याच महिन्यात सासरी गेली. तो कागद त्यांच्या घरापर्यंत पोचला.

तिसरं, सूचना फलक. काचेच्या कपाटाची किल्ली सरचिटणीसांकडे असते. विरोधी पॅनेलचं पत्रक त्यांनी आत लावू दिलं नाही, म्हणून पोरांनी ते बाहेर चौकटीवर चिकटवलं. दुपारच्या पाळीला मी गेलो तेव्हा टेपखाली कागदाचे चार कोपरे तेवढे शिल्लक होते. युनियनच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही फक्त अॅडमिनच लिहू शकतो, आणि अॅडमिन सत्ताधारी पॅनेलचा उमेदवार.

आमच्या घटनेत मतदान कसं घ्यायचं ते आहे, प्रचाराबद्दल एक ओळ नाही. दोन्हीकडून लेखी तक्रारी आल्यात. पत्रक छापण्याआधी आम्ही मजकूर तपासून मंजूर करावा का? निनावी कागदाचं काय करायचं? उद्या हरलेला कोर्टात गेला तर?

ज्यांनी मला ग्राइंडिंग शिकवलं ते एका पॅनेलमध्ये आहेत, ज्याला मी शिकवलं तो दुसऱ्या. निवडणुकीनंतर सहा महिन्यांत नवा करार आहे. तेव्हा ही सगळी माणसं टेबलाच्या एकाच बाजूला बसायला हवीत, म्हणून जीव तुटतोय.

प्रतिसाद – निवृत्त कामगार, ठाणे

भाऊ, मजकूर मंजूर करायच्या फंदात अजिबात पडू नका. मी दोनदा हे काम केलंय. एक ओळ कापलीत की पुढच्या प्रत्येक ओळीसाठी लोक तुमच्या दारात, आणि जे छापून येईल त्याला "समितीने मान्य केलंय" असं म्हणणार.

किल्ली मात्र आजच्या आज ताब्यात घ्या. कपाटात मधोमध पट्टी मारा, डावी बाजू एका पॅनेलला, उजवी दुसऱ्याला, कोण कुठे ते दोघांसमोर चिठ्ठी टाकून ठरवा. अपक्ष असतील तर त्यांनाही जागा द्या. प्रत्येक पत्रकावर खाली काढणाऱ्याचं आणि छापखान्याचं नाव हवं, एक प्रत समितीच्या फाइलला. कुणीतरी तुम्हाला लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७क दाखवेल. ते लोकसभा-विधानसभेसाठी आहे, युनियनला लागू नाही. पण छापणाऱ्याचं नाव हवं हा नियम चांगला आहे, तो तुम्ही तुमचा म्हणून करा.

प्रतिसाद – कामगार कायद्याची वकिली करते, पुणे

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात प्रचारपत्रकांबद्दल काही नव्हतं. त्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही नाही. निवडणूक कशी घ्यायची ते युनियनने आपल्या घटनेत लिहायचं, एवढंच कायदा सांगतो. म्हणून घटना गप्प असेल तिथे तुमचे नियम दोन्ही पॅनेलना सारखे होते का आणि ते लेखी होते का, यावरच सगळं टिकेल.

वाद झालाच तर, महाराष्ट्रात पूर्वी १९२६ च्या कायद्याच्या कलम २८-१अ प्रमाणे युनियनची नोंदणी करणाऱ्या निबंधकांची संमती घेऊन औद्योगिक न्यायालयात जावं लागे. आता संहितेचं कलम २२ आहे. पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीवरून सभासद आणि युनियन यांच्यात वाद झाला तर अर्ज न्यायाधिकरणाकडे करायचा. उच्च न्यायालय सोडता दिवाणी न्यायालयाला त्यात अधिकार नाही. म्हणून "कोर्टातून स्टे आणतो" या धमकीने गांगरू नका, पण तुमचं इतिवृत्त चोख ठेवा.

लेटरहेडचा मुद्दा गंभीर आहे. युनियनचा पैसा कशावर खर्च करायचा हे ठरलेलं असतं, आणि उमेदवाराचा प्रचार त्यात बसत नाही. कमिटी आज त्यांची असली तरी कागद, शिक्का आणि छपाईचा खर्च ४१२ जणांचा आहे.

एक राहिलं. व्यवस्थापनाला यात ओढू नका. फलक काढा किंवा पत्रक थांबवा असं सांगायला एचआरकडे कुणी गेलं तर ते मालकाला युनियनच्या कारभारात आमंत्रणच आहे. मालकाने युनियनमध्ये ढवळाढवळ करणं ही अनुचित कामगार प्रथा आहे.

धागालेखक

दोघांचे मनापासून आभार. किल्ली आज संध्याकाळी घेतो. पण वाटून झालेल्या लेटरहेडच्या पत्रकाचं काय? आणि मयत फंडाचा कागद? खजिनदार म्हणतात, विरोधी पॅनेलच्या पोरांची उमेदवारीच रद्द करा. कागद कुणी काढला याचा पुरावा माझ्याकडे नाही.

प्रतिसाद – नर्स, न्यू जर्सी

इथे आमच्या युनियनमध्ये हेच झालं होतं, म्हणून लिहिते. अमेरिकेत यासाठी १९५९ चा कायदाच आहे. उमेदवाराने स्वतःच्या खर्चाने पत्रक सभासदांना पाठवायला सांगितलं की युनियनला ते पाठवावंच लागतं, आणि एकाला जी सोय दिली ती दुसऱ्यालाही. मजकुरात ढवळाढवळ करता येत नाही, त्यात दुसऱ्या उमेदवारावर कितीही टीका असली तरी. युनियनचा किंवा मालकाचा पैसा कुणाच्याही प्रचाराला वापरायचा नाही.

हे कागदावरचं वाटेल, पण त्यामागे माणसं गेलीत. १९६९ मध्ये खाणकामगारांच्या युनियनमध्ये जोसेफ याब्लॉन्स्की अध्यक्ष टोनी बॉइलविरुद्ध उभे राहिले. त्यांची पत्रकं सभासदांपर्यंत जावीत म्हणून आणि युनियनचं मासिक बॉइलच्या प्रचाराला वापरलं जातं म्हणून त्यांना कोर्टात जावं लागलं. निवडणूक हरल्यावर डिसेंबरच्या शेवटी त्यांचा, पत्नीचा आणि मुलीचा घरातच खून झाला. त्यात पुढे बॉइल दोषी ठरला. ती निवडणूक कोर्टाने रद्द केली आणि १९७२ मध्ये पुन्हा घेतली, त्यात बॉइल हरला.

प्रतिसाद – वकील, पुणे

पुराव्याशिवाय उमेदवारी रद्द केलीत तर तोच तुमच्याविरुद्धचा सगळ्यात मोठा मुद्दा होईल. मयत फंडाच्या कागदाला उत्तर हिशेबाच्या वहीतच आहे. वह्या सभासदाला पाहता आल्या पाहिजेत, हे १९२६ च्या कायद्याच्या कलम २० मध्येच होतं, तुमच्या घटनेतही वेळ दिलेली असेल. त्या मतदानाआधी उघडा. खजिनदार प्रामाणिक असतील तर याहून मोठा आधार त्यांना मिळणार नाही.

लेटरहेडचं पत्रक जिथे जिथे गेलं तिथे तिथे समितीचा खुलासा जाऊ द्या: हे युनियनचं नाही, एका पॅनेलचं आहे. छपाईचा खर्च त्या पॅनेलने भरावा, पावती फाइलला.

धागालेखक

काल रात्री दोन्ही पॅनेलच्या दोन-दोन माणसांना युनियन ऑफिसात बसवलं. पाऊण तास नुसता आवाज. मग एका पानावर नियम लिहिले, मोठ्याने वाचले, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. कपाटात पट्टी मारली, किल्ली माझ्याकडे आहे. ग्रुपवर मतदानापर्यंत फक्त समितीच्या सूचना येतील आणि अॅडमिन आम्ही तिघं. लेटरहेडच्या छपाईचे पैसे भरायला सत्ताधारी आधी तयार नव्हते, शेवटी ज्येष्ठांनी सांगितल्यावर भरले.

मयत फंडाची वही गुरुवारी आणि शुक्रवारी पाळी सुटल्यावर उघडी ठेवणार आहोत. खजिनदार स्वतःच म्हणाले, मी बाजूला खुर्ची टाकून बसतो, विचारू दे ज्याला विचारायचंय त्याला. विरोधी पॅनेलचा उमेदवार तिथेच होता. त्याने कागद आपल्या माणसांचा नाही असं लिहून दिलं. खरं-खोटं मला माहीत नाही, पण लिहून दिलं.

एकच विचारायचं राहिलं. मतदानाच्या दिवशी गेटपासून किती अंतरावर पत्रकं वाटू द्यावीत? आमचं गेट आणि बस स्टॉप यात जेमतेम चाळीस पावलं आहेत.